सहा ते एक

कुलपाला तोंड एकच असते आणि दुसऱ्याची जीभ आत गेल्याशिवाय ते उघडत नाही, अशी तुमची समजूत असेल. मित्रांनो, माझीही तीच होती. मी बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी कचेरीचे जुने पितळी कुलूप आहे. माझ्या हातून जे घडले ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. आज सांगते.

राजपुऱ्यातल्या शालिग्राम ओताऱ्याने मला घडवले. मातीच्या साच्यात पितळ ओतले, थंड झाल्यावर कानशीने घासले, पोटात चार खटके बसवले आणि दोन किल्ल्या केल्या. मग मला कानाशी धरून तो कितीतरी वेळ उघडबंद करत बसला. शेवटी माझ्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "किल्ली काय, कोणीबी बनवून घेते. तू हात ओळखत जा." मी नवे होते. मला वाटले, म्हातारा काहीतरीच बोलतो आहे.

शनवाऱ्याच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर एका दगडी इमारतीत ती कचेरी होती. जुने दस्तऐवज आणि शेतांचे नकाशे तिथे जपून ठेवलेले असत. कुणाला हवे असले की त्यांची हुबेहूब नक्कल करून द्यायची, हेच तिथले काम. पुढे एक लांब खोली, तिच्यात सात मेजे, मागे दप्तरखाना. खाली काळी फरशी. दाराच्या सागवानी फळीवर माझा कोयंडा होता. रात्रभर मी बंद असायचे आणि दिवसभर त्याच कोयंड्यात उघडे लटकायचे. तिथून मला आतलेही ऐकू येई आणि रस्त्यावरचेही.

माझी एक किल्ली कडू शिपायाजवळ असे. संध्याकाळी साडेपाचला सगळे गेले की तो मला लावी. दुसरी भिकनराव नक्कलनविसांकडे होती. सकाळी सहाला ते मला उघडत.

बाकीची कचेरी साडेदहाला भरायची. पण भिकनरावांची पाळी सहा ते एक अशी होती. कोण्या इंग्रज साहेबाने ती त्यांना लावून दिली होती, कारण नकाशातली बारीक रेघ सकाळच्या कोवळ्या उजेडातच नीट दिसते असे त्यांचे म्हणणे. किल्ली माझ्यात घालून ते क्षणभर थांबत, तपकिरीची चिमूट ओढत आणि म्हणत, "उठा महाराज." मगच किल्ली फिरवत. आत गेल्यावर मात्र लगेच कामाला लागत नसत. पाव तास तरी नुसते बसून राहत. खुर्ची वाजत नसे, कागद वाजत नसे. मला वाटे, देवाचे नाव घेत असतील.

दुपारी एकला ते टोपी घालून निघाले की मागून कोणीतरी म्हणे, "चला, भिकनरावांचा सूर्य मावळला." तेही हसत. अशी अठ्ठावीस वर्षे गेली. दसऱ्याला ते मला चिंचेने घासत, हळदकुंकू लावत आणि खटक्यांत दोन थेंब गोडेतेल सोडत. माझे चांगले दिवस कोणते असे विचारलेत तर हेच.

छप्पन साली माघ महिन्यात भिकनराव वारले. रीतसर दुपारी एकला घरी गेले, जेवले, आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांची किल्ली मुलाने आणून दिली. ती साहेबांच्या खणात पडून राहिली, आणि कचेरी दहाला उघडू लागली. कडू येई, मला उघडी, झाडलोट करी.

तेराव्यानंतरची ती पहाट मला लख्ख आठवते. रस्त्यावर अजून टांगा नव्हता. गार वारा होता. आणि माझ्या तोंडात काहीतरी आले. ती किल्ली नव्हती. किल्ली असती तर तिचे दात मला लागले असते. हे नुसतेच एक वजन होते, थंड, ओल्या मातीसारखे. ते क्षणभर थांबले. तपकिरीचा वास आला. आणि माझ्या पोटातले चारही खटके एकामागून एक उठले.

मी उघडले, मित्रांनो. समोर हात नव्हता, माणूस नव्हता, तरी मी उघडले. कुलपाच्या जातीला याहून मोठी लाज नाही. पण खरे सांगते, मला अडवताच आले नाही. हात ओळखीचा होता.

दार आपसूक आत सरकले आणि पुन्हा टेकले. आत पाव तास काही वाजले नाही. मग टाक दौतीत बुडाल्याचा आवाज आला.

दहाला कडू आला. मला उघडे लटकताना पाहून त्याचा चेहरा उतरला. त्याने इकडेतिकडे पाहिले, काल आपणच लावायला विसरलो असे मनाशी ठरवले आणि गप्प बसला. नोकरीची भीती होती. पुढे असे वरचेवर होऊ लागले. तो बिचारा संध्याकाळी मला तीनतीनदा ओढून पाही, मारुतीची शपथ घेई आणि घरी जाई.

चैत्रात कुसुमबाई आल्या. वय तिशीच्या आसपास. नवरा शाळामास्तर होता, तो दोन वर्षांमागे गेला होता. हस्ताक्षर मोत्यासारखे, म्हणून त्यांना भिकनरावांच्या जागी घेतले. घरी सासू होती, धुरपदाबाई. तिची डावी बाजू लुळी पडलेली. शेजारच्या मालूबाई सकाळी तिच्याजवळ बसत, पण दोनला त्यांची गिरणीतली पाळी लागे. म्हणून कुसुमबाईंनी साहेबांना विचारले, "भिकनरावांची वेळ मला मिळेल का? सहा ते एक. सात तास पुरे भरीन." जुने साहेब भले होते. त्यांनी खणातली किल्ली काढून दिली.

बाईंचा हात हलका होता. किल्ली घालताना त्या डाव्या हाताने मला खालून आधार देत, जसे तान्ह्याचे डोके धरतात. मला तो हात आवडला.

कचेरीत मात्र कुजबुज सुरू झाली. सहाला बाई येत तेव्हा रस्त्यावर झाडूवाली आणि दूधवाला यांच्याशिवाय कोणी नसे. त्यांचे येणे फक्त मी पाहायचे. जाणे मात्र सगळी कचेरी पाहायची. एकला त्यांनी पिशवी उचलली की सहा जणांचे टाक थांबत. सगळ्यात पुढे थोरले कारकून प्रभाकरराव. त्यांचे मेज खोलीच्या बरोबर मध्यावर होते.

"बाईंचा दिवस संपला," ते म्हणत. "आपला अजून आर्धा बी नाही झाला. नशीब लागते, भाऊ."

"प्रभाकरराव, मी सहाला येते."

"येत असाल की. आम्ही कुठे पाहायला आलो?"

बाई पिशवी खांद्याला लावून निघत. पायरी उतरताना त्यांची पावले जड पडत, तेवढे मला कळे.

वैशाख महिन्यात एका सकाळी त्या आल्या आणि मी आधीच उघडे होते. त्यांना वाटले, कडू लवकर आला असेल. आत कोणी नव्हते. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी कडूला गाठले.

"कडूभाऊ, संध्याकाळी कुलूप लावता ना?"

कडू तिथेच पायरीवर बसला. "बाई, कोणाला सांगू नका. लावतो. तीन डाव ओढून पाहातो. भिकनराव गेले तवापासून हे असंच होऊन राह्यलं. कोणीतरी येते अन् उघडते. चोरी तर काहीच नाही होत. मी काय सांगू साहेबाले?"

बाईंनी मला उचलून उलटसुलट पाहिले. मी त्यांच्या तळहातावर होते आणि मला सांगता येत नव्हते.

त्याच सकाळी त्यांनी पहिल्यांदा आवाज ऐकला. आल्या आल्या दौत लवंडली म्हणून त्या पुसायला खाली वाकल्या आणि तशाच राहिल्या. मग हळूच गुडघे टेकले, हात टेकले आणि कान फरशीला लावला. मलाही तेव्हाच ऐकू आले. इतकी वर्षे मी दाराला होते, पण खाली कान द्यावा असे कधी सुचले नव्हते. फरशीच्या खाली, खूप खोल, पाणी चालले होते. लोट्यातून कुणी धीरे धीरे ओतावे तसे.

तुम्हाला ठाऊक असेल, आमच्या गावाच्या पोटात जुन्या पाण्याच्या वाटा आहेत. कुठली कुठे जाते, कुठली बुजली, कुठली अजून वाहते, हे सगळे कुणालाच ठाऊक नाही. साडेदहानंतर रस्त्यावर टांगे, हातगाड्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या मागांची खटखट सुरू झाली की तो आवाज बुडून जाई. सकाळी सहाला मात्र तो स्पष्ट ऐकू येई. म्हणून तर भिकनराव पाव तास नुसते बसत होते! ते देवाचे नाव घेत नव्हते. ऐकत होते.

त्यांची वही बाईंना मेजाच्या खणात, टीपकागदाखाली सापडली. नक्कल करणाऱ्याला अक्षर पुटपुटत वाचायची सवय असते. त्यामुळे ती वही मलाही ऐकायला मिळाली.

"'बारा जून. आवाज दप्तरखान्याच्या मागल्या भिंतीखाली. संथ.'" बाई पान उलटत. "'तीन ऑक्टोबर. भिंत ओलांडून आत आला.' 'नऊ जानेवारी. मधल्या खोलीकडे सरकतो आहे. साहेबांना सांगितले. हसले.'" एका पानावर फक्त एवढेच होते: "'वाहते तोवर भीती नाही. पाणी माती नेते, पण आधारही देते. ज्या सकाळी आवाज थांबेल त्या सकाळी कोणी आत जाऊ नये.'"

मग बाईंचे पुटपुटणे थांबले. पुढचे त्यांनी इतक्या हळू वाचले की मला जेमतेम ऐकू आले.

"'अठरा मे. प्रभाकरच्या मेजापासून चार हात.'"

भिकनराव फेब्रुवारीत गेले होते.

बाईंनी ते पान खिडकीपाशी नेले. दुसऱ्याचे अक्षर वळण न चुकता उतरवणे हाच त्यांचा धंदा होता. अक्षराच्या बाबतीत त्यांना कोणी फसवू शकत नव्हते. "र असाच काढायचे," त्या स्वतःशी म्हणाल्या. "पाय मोडून." मग त्याखालच्या शेवटच्या ओळीवर बोट फिरवले आणि झटकन मागे घेतले. बोटाला शाई लागली होती. ती ओळ त्या दिवसाच्या तारखेची होती.

दुसरी कोणी असती तर किंचाळत बाहेर पळाली असती. कुसुमबाईंनी वही मिटली, जागच्या जागी ठेवली, हात जोडले आणि म्हणाल्या, "भिकनकाका, मला आठ नकला द्यायच्या आहेत आज. तुम्ही तुमचं बघा, मी माझं बघते." मात्र त्या दिवशी त्यांचा टाक दोनदा कागदातून आरपार गेला.

त्यानंतर किती सकाळी अशा गेल्या! मी उघडे असायचे. बाई यायच्या, उंबऱ्यातूनच "आले हं" म्हणायच्या. भिकनरावांची खुर्ची मेजापासून सरकवलेली असे, आणि बाई ती न हलवता दुसरी घेऊन बसत. पाव तास दोघे ऐकत. दोघे म्हणते, कारण मला एकाचाच श्वास ऐकू यायचा, पण बाई मध्येच कुणाकडे तरी पाहून मान हलवायच्या.

पावसाळा सरला. आवाज प्रभाकररावांच्या मेजाखाली आला.

नोव्हेंबरच्या एक तारखेला आमचा जुना प्रांत मोडला. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेले, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो, राजधानी भोपाळ झाली. दारावरची पाटी बदलली. तिचे खिळे ठोकताना माझा कोयंडा हादरत होता. जुने साहेब बदलून गेले आणि नवे आले. उंच, शांत, हिंदी बोलणारे. माणूस वाईट नव्हता, पण नव्या राज्यात सगळे नव्याने आणि एकसारखे करायचे अशा ध्यासाने आला होता.

प्रभाकररावांनी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कानावर घातले, "साहब, एक बाई एक बजे चली जाती हैं. बाकी स्टाफ में असंतोष है."

साहेबांनी बाईंना बोलावले. "देखिए कुसुमबाई, पहली दिसंबर से सबका एक ही टाइम होगा. साढ़े दस से साढ़े पाँच."

"साहेब, घरी सासूबाई अंथरुणाला आहेत. दोननंतर त्यांच्याजवळ कोणी नसते. मला नोकरी सोडावी लागेल."

साहेबांनी समोरची फाइल मिटली. "मजबूरी समझता हूँ. लेकिन नियम एक के लिए नहीं बदलता."

तेव्हा बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली. फरशीखालच्या पाण्याची. वहीतल्या नव्या ओळींविषयी त्या काही बोलल्या नाहीत, फक्त आवाजाविषयी बोलल्या. खोलीत कोणीतरी खाकरले. प्रभाकरराव हसून म्हणाले, "वेळ वाचवायला काय काय सुचते माणसाला!"

बाई साहेबांच्या मेजाजवळ सरकल्या. "साहेब, माझी वेळ नका देऊ. पण एक दिवस, फक्त एक दिवस सकाळी सहाला या. स्वतः ऐका. नाही ऐकू आलं तर मी राजीनामा आणूनच ठेवते."

साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "ठीक है. तीस तारीख को आऊँगा."

तीस नोव्हेंबरची सकाळ. धुके होते. तापीकडून येणारा वारा पडला होता. साडेपाचला मी वाट पाहत होते. वजन आले नाही. तपकिरीचा वास आला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती पहाट रिकामी गेली, आणि मला, ज्याला उघडण्याची लाज वाटत होती त्या मला, पोरके वाटले.

पावणेसहाला बाई आल्या. मला बंद पाहून थबकल्या. मग साहेब आले, मफलर गुंडाळून. त्यांच्यामागे प्रभाकरराव, गंमत पाहायला. कडू कंदील धरून उभा.

बाईंनी किल्ली घातली. डाव्या हाताचा आधार दिला. फिरवली.

मी उघडले नाही.

मित्रांनो, मी हट्ट केला असे समजू नका. किल्ली माझीच होती, हात माझ्या आवडीचा होता. पण माझ्या पोटात कोणीतरी चारही खटके दाबून धरले होते. आतून. जसे दार लोटू नये म्हणून कोणी पाठ लावून बसते तसे.

"द्या इकडे," म्हणून प्रभाकररावांनी किल्ली घेतली. जोर लावला. किल्ली वाकली. कडूने आपली किल्ली घातली, तीही फिरेना. साहेबांनी घड्याळ पाहिले. "यह क्या तमाशा है?"

बाई खाली वाकल्या आणि माझ्या भोकाला कान लावला. त्यांचा कान गार होता. मी माझ्यातून आतली सगळी शांतता त्यांच्या कानात सोडली. दुसरे माझ्याजवळ काही नव्हते.

त्या सावकाश उठल्या. "आवाज थांबला आहे."

"मतलब पानी नहीं है? तो फिर झगड़ा खत्म."

"नाही साहेब. मागे व्हा. कृपा करून सगळे मागे व्हा."

"बाई, आता नाटक पुरे," प्रभाकरराव म्हणाले. त्यांनी पायरीजवळचा दगड उचलला आणि माझ्या पाठीवर घातला. एकदा. दुसऱ्यांदा. पितळ दबले. आयुष्यात मला कोणी मारले नव्हते. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. शाळामास्तराची ती शालीन बायको ओरडली, "प्रभाकरराव, घरी पोरं आहेत तुमची! नका जाऊ आत!"

ओरडण्याने असेल, किंवा बाईंच्या डोळ्यांत त्यांना काय दिसले कोण जाणे, प्रभाकररावांचा हात खाली आला.

आणि मग झाले. गडगडाट नाही, धमाका नाही. दमलेला माणूस भुईवर बसताना सुस्कारा सोडतो तसा एक आवाज आला. दाराच्या फटीतून गार, कुबट हवा बाहेर आली, कंदील विझला. मग लांबवर, फार खाली, लाकूड आपटल्याचा आवाज. पुन्हा एक. सात मेजे होती. मी सात मोजले.

कोणी हलले नाही. आणि त्या स्तब्धतेत दाराच्या आतल्या बाजूने पावले आली. चपलेची, सावकाश, थोडी ओढत. जिथे आता फरशी नव्हती तिथून आली. माझ्यापाशी थांबली. तपकिरीचा वास आला. खटके सुटले, मी आपसूक उघडले आणि दार आत गेले.

पावले आमच्यामधून गेली, पायरी उतरली आणि रस्त्याला लागली. कडू बाजूला सरला. साहेबसुद्धा सरले. आपण का सरलो ते त्यांनाही सांगता आले नसते. दिवसाची सगळी कामे उरकून, बाकीच्यांच्या आधी घरी निघालेल्या माणसाची ती चाल होती. बाईंनी त्या दिशेला हात जोडले.

उजाडल्यावर सगळ्यांनी पाहिले. दाराच्या आत उंबरा होता आणि उंबऱ्यापलीकडे काळोख. खोलीभर खड्डा. तळ दिसत नव्हता. साडेदहाला तिथे सात माणसे बसलेली असती.

साहेबांनी अहवाल लिहिला. 'इमारत जुनी होती, सुदैवाने कोणी आत नव्हते,' एवढेच. वही खड्ड्यात गेली होती, त्यामुळे दाखवायला काही उरले नव्हते. पण नव्या जागेत कचेरी भरली तेव्हा त्यांनी न बोलता एका कागदावर सही केली. कुसुमबाईंची वेळ सहा ते एक कायम राहिली. ठोकून सरळ केलेल्या किल्लीसह मीही त्या नव्या दारावर गेले.

इथे गोष्ट गोड झाली असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. पूर्वी लोक बाईंना टोमणे मारत, आता ते घाबरू लागले. एकला त्या उठल्या की कोणी चकार शब्द काढत नसे. सगळे माना खाली घालत. त्यांच्या मेजाशेजारचे मेज रिकामे राहिले. गल्लीत बायका पोरांना पदराआड घेत. "तिला आधी कळते," म्हणत. बाईंनी हे सगळे सासूला सांगितले, आणि सासूचे उत्तर त्या एके सकाळी कडूला सांगत होत्या: "म्हणाल्या, भांडणारा माणूस परवडला गं, निदान तो जवळ तरी येतो."

पौषातल्या एका सकाळी, सहाला दहा कमी असताना, पायरीवर कोणीतरी बसलेले होते. कानटोपी, हातात पितळी डबा. प्रभाकरराव.

बाई थांबल्या. "तुम्ही? इतक्या लवकर?"

"चहा आणला आहे. घरचा," ते म्हणाले. मग डब्याचे झाकण उगाच फिरवत राहिले. "बाई, माझी खुर्ची मधोमध होती. डोळा मिटला की मी तिच्यावर बसलेला असतो. खाली जातो. महिना झाला, झोप नाही."

बाईंनी पिशवीतून किल्ली काढली.

"तुम्ही आत काय करता हो, आल्यावर?"

"बसते. ऐकते."

"मला शिकवा."

बाईंनी मला उघडले. दोघे आत गेले आणि बसले. मीही ऐकले. दूर गिरणीचा भोंगा झाला. दूधवाल्याच्या सायकलची साखळी करकरली. कुठेतरी चिमण्या जाग्या झाल्या. फरशीखाली काही नव्हते, घट्ट माती होती.

"आज काही नाही," बाई म्हणाल्या. "चांगलं आहे."

प्रभाकरराव तोंड झाकून रडले. मग दोघांनी एकाच डब्यातला चहा घेतला.

त्या दिवशी एकला बाई उठल्या तेव्हा ते खोलीला ऐकू जाईल असे म्हणाले, "बाईंचे सात तास झाले. मी मोजले आहेत." आणि स्वतः दारापर्यंत पोचवायला आले. दुसऱ्या दिवशी बाईंच्या शेजारचे मेज रिकामे नव्हते.

पुढे बरीच वर्षे मी काम केले. मग कचेरीला लोखंडी जाळीचे दार आले, त्याच्याबरोबर नवे चकचकीत कुलूप आले. मला कडूने भंगारात जाऊ दिले नाही. पेन्शन घेतल्यावर तो मला आपल्या गावी, देडतलाईला घेऊन गेला. आज त्याच्या नातवांच्या घरी मी एका पत्र्याच्या डब्यात खिळ्यांबरोबर पडले आहे. खटके गंजले आहेत. तक्रार नाही, पण कोणी दोन थेंब तेल सोडले तर बरे वाटेल. जुन्या वस्तूंना फार काही लागत नाही.

तुमच्याही घरात कोणीतरी तुमच्या आधी उठत असेल, मित्रांनो. आई असेल, आजोबा असतील, पहिल्या पाळीला जाणारा काका असेल. तुम्ही डोळे चोळत बाहेर येता तोवर त्यांचा अर्धा दिवस होऊन गेलेला असतो, आणि संध्याकाळी ते लवकर पेंगू लागले की तुम्ही हसता. हसू नका. उद्या एक दिवस त्यांच्याबरोबर उठा. शेजारी बसा. आणि विचारा, "आज काय ऐकू आलं?"

ते सांगतील. त्यांना कोणी विचारतच नाही.